दुपारची चढण

हवामानाचा संदेश नेमका जेवणाच्या वेळेला यायचा. सुताराचा फोन लाकडाच्या भुशात अर्धा पुरलेला असायचा, तिथूनच तो कुईकुई करायचा. सुतार हात विजारीला पुसायचा, फोन डोळ्यांपासून लांब धरायचा आणि शाळेतला धडा वाचावा तसा मोठ्यानं वाचायचा, "दुपारनंतर डोंगरभागात विजांच्या कडकडाटासह जोरदार पाऊस. ओढ्यानाल्यांना अचानक पूर येण्याची शक्यता. नागरिकांनी सतर्क राहावे."

शब्दाला शब्द कालचा. कालचा परवाचा. पावसाळा लागल्यापासून त्यात काना-मात्रेचा फरक पडला नव्हता.

"झालो सतर्क," आतल्या खोलीतून म्हातारा ओरडायचा. "तुझ्या बायकोला सांग, गाडी काढ म्हणावं."

गाडी म्हणजे धाकटी. सुताराची बायको, म्हाताऱ्याची धाकटी सून. म्हाताऱ्याचे पाय गेल्या थंडीत गेले ते गेलेच. सुताराला अंतर्गळाचा त्रास. डॉक्टरनं त्याला पाण्याची बादलीसुद्धा उचलू नको म्हणून बजावलेलं. राहिली धाकटी. सुतारानं जुन्या खुर्चीचे पाय कापले, पाठीला गोधडीची घडी ठोकली, दोन खांद्यांना दोन आणि कपाळाला एक असे पट्टे लावले. काम सुबक झालं होतं. जो येई तो खुर्चीचं कौतुक करी. ती उचलणाऱ्या बाईकडे बघायचं मात्र कुणाला सुचत नसे, आणि सुतार तर त्या वेळी हटकून दुसरीकडे बघे.

घर ओढ्याच्या काठाला. लाकडाचा ट्रक जिथपर्यंत येतो तिथंच सुताराला दुकान मांडावं लागतं, आणि रस्ता ओढ्याला धरूनच होता. थोरल्या भावाचं घर वर, डोंगराच्या खांद्यावर, पक्कं, पांढऱ्या फरशांचं. मध्ये चढण. अंगावर ऊन असलं तरी ढग तिकडे शिखरामागं फुटायचा आणि इथं कोरड्या आकाशाखाली ओढा यायचा. कधी घोटाभर, कधी काहीच नाही. दहा वेळा वर जावं आणि दहा वेळा कोरडंच खाली यावं, असंच जास्त. लोक कंटाळून जात. पलीकडच्या काठाचा शिंपी असाच कंटाळला. "आज मी नाही येत बुवा, पाय दुखतात," म्हणाला आणि मशीन चालवत बसला. संध्याकाळी तिथं ना मशीन होतं, ना भिंत, ना शिंपी. राहिला तो त्याचा कुत्रा. तो या काठाला आला आणि सुताराच्या खिडकीखाली राहू लागला.

म्हणून कंटाळा आला तरी धाकटी खाली वाकायची. आधी कट्ट्यावर सुतारकामाची यंत्रं चढवायची, पिठाचा डबा फळीवर ठेवायचा, बकरी सोडायची. मग खुर्ची खाटेला टेकवायची, सासऱ्याला काखेत हात घालून तिच्यात सरकवायचं, पट्टे आवळायचे, आणि पाठ खुर्चीला लावून, जमिनीवर एक हात टेकून, दात खाऊन उठायचं. उठणं हेच खरं. एकदा उठलं की पुढं चढण आपली आपण होते, असं तिला वाटायचं, म्हणजे ती स्वतःला सांगायची.

सुतार करवती आणि पटाशांची पिशवी घेऊन पुढं. मागून हे दोघं, आणि म्हाताऱ्याचं तोंड.

"पाय आडवा टाक, आडवा. चवड्यावर चढतेस. बकरी आहेस का?"

"बकरीला एवढं बोलणारं ओझं देत नाही कुणी."

म्हातारा जन्मभर हमाल. याच चढणीवरून त्यानं सिमेंट नेलं, पत्रे नेले, आरशाचं कपाट नेलं, बाळंतिणी आणि तापकरी माणसं खाली आणली. त्यामुळं त्याला प्रत्येक दगडावर मत होतं.

"आमच्यात नियम होता," तो म्हणाला. "ओझ्यानं बोलायचं नाही. एकदा एक मास्तरीण आणली पाठीवरून. तापात होती. वाटभर पाढे म्हणत होती बया. माझा सत्ताविसाचा पाढा पाठ झाला."

"मग तुम्ही का बोलता?"

"मी ओझं थोडाच आहे? मी मुकादम आहे."

ती हसली की दम लागायचा, म्हणून ती रागवायची. वाकड्या झाडाखाली टेकायचं, घाम पुसायचा, परत उठायचं. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिला पुन्हापुन्हा टेकावं लागे आणि वर पोचल्यावर मांड्या थरथरत. आता ती एकदाच टेकत होती. कधीकधी तेही नाही. "सवय झाली मला," ती दूधवालीला म्हणाली होती. "मामंजी आता काहीच वाटत नाहीत. कापसाचं गाठोडं!" आणि आपल्या दंडाकडे तिनं जरा कौतुकानं पाहिलंही होतं. जन्मात कुणी तिला ताकदवान म्हटलं नव्हतं.

वर थोरलीची ओसरी. थोरला ट्रकवर, महिनामहिना बाहेर. थोरली घर चकचकीत ठेवायची. त्या फरशांवर पाय ठेवताना माणसाला आपल्या पायांची लाज वाटायची. खालच्या चार घरांतली माणसं, दूधवाली, वायरमन अशी, ओसरीत बसत, त्यांना ती चहा देई. सासऱ्यासाठी मात्र कोपऱ्यात पोत्याची घडी ठरलेली. "मला काय त्यांचं वावडं आहे का?" ती म्हणायची. "पण आवरत नाही त्यांना, फरशीला वास बसतो. पाऊस थांबेपर्यंत बसू देत. रात्रीचं मला जमणार नाही हो धाकटे, मी एकटी बाई." यात खोटं काही नव्हतं. पण पोतं ते पोतंच. धाकटीनं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, या बाईकडे तोंड उघडून काही मागायचं नाही. दिलेला चहासुद्धा ती पुष्कळदा नको म्हणायची.

पाऊस सरला की उलटी वरात. खाली येऊन चिखल काढायचा किंवा नुसती धूळ झाडायची, यंत्रं उतरवायची, म्हाताऱ्याचं धोतर बदलायचं, चूल पेटवायची. असा दिवसाचा मधला तुकडाच कुणी तरी रोज फाडून नेत होतं. सुताराची दारं-खिडक्या वेळेवर होत नव्हती. गिऱ्हाइकं येऊन बोलून जात.

अशाच एका दिवशी पावसानं त्यांना वाटेतच गाठलं. तिघं निथळत ओसरीत शिरले. म्हातारा कुडकुडत होता. थोरली टॉवेल घेऊन आली, म्हणाली, "काढा तो सदरा आधी," आणि तिनं स्वतःच तो त्याच्या डोक्यावरून ओढला. मग टॉवेल तसाच हातात धरून ती उभी राहिली.

ओसरीतली सगळी माणसं बघत होती. बरगड्या मोजाव्यात तशा दिसत होत्या. गळ्याजवळच्या खळग्यांत पाणी साचलं होतं. खांदे, ज्यांनी कपाट नेलं होतं, ते नुसते हँगरसारखे.

"अगं धाकटे," थोरली म्हणाली, "यांना जेवायला घालतेस की नाही?"

वायरमन उगाच बाहेर पावसाकडे बघू लागला. दूधवालीनं पदर तोंडाला लावला.

"घालते की," धाकटी म्हणाली. "दोन्ही वेळा भरलं ताट देते. रिकामं परत येतं. विचारा त्यांनाच."

"घालते, घालते," म्हातारा घाईनं म्हणाला. "छान घालते. माझं वय झालंय, अंगी लागत नाही."

त्यानं बाजू घेतली आणि ते जास्तच वाईट दिसलं. मारलेलं पोर आईची बाजू घेतं तसं. थोरली आत वळली. तिनं थोरल्याचा कोरडा सदरा आणला आणि सासऱ्याला घातला, त्यात तो पार हरवून गेला. धाकटी पाऊस थांबेपर्यंत खांबाला टेकून उभी राहिली. खाली मान घालून घालून तिला त्या फरशांचे सांधे पाठ झाले.

त्या संध्याकाळी खाली आल्यावर तिनं सुताराला विचारलं, "तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं."

"मी उपाशी ठेवते त्यांना?"

"असं कोण म्हणतंय?"

"सगळी ओसरी म्हणतेय. उद्या गाव म्हणेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नेहमीसारखं ताट वाढलं. भात, डाळ, वर दूध. खाटेवर ठेवलं आणि "बकरी बघून येते," म्हणून बाहेर पडली. बकरीकडे न जाता ती दुकानात शिरली. दुकान आणि खोली यांच्यामध्ये फळ्यांची भिंत. सुतारानंच केलेली, पण स्वतःच्या घरची म्हणून फटी राहिलेली. एका फटीला तिनं डोळा लावला.

म्हाताऱ्यानं एक घास खाल्ला. सावकाश, खूप वेळ चावून. मग दाराकडे कान दिला. मग खिडकीकडे वळून जिभेनं हलकेच आवाज केला. खाली शिंप्याचा कुत्रा उठून उभा राहिला. म्हाताऱ्यानं मूठमूठ भात खिडकीबाहेर सोडला, दर मुठीनंतर हात चाटला. शेवटच्या मुठीला तो थांबला. ती मूठ त्यानं तोंडाजवळ नेली, थोडा वेळ तशीच धरली, आणि मग तीही खिडकीबाहेर गेली. ताट त्यानं बोटानं निपटून स्वच्छ केलं.

आणि इथं ती रोज म्हणत होती की हा कुत्रा वारा खाऊन फुगतो की काय!

धाकटीनं फटीवरचा डोळा काढला. ती मागं सरली. सुतार रंधा हातात धरून तिच्याकडेच बघत होता.

"कुत्र्याला घालतात," ती म्हणाली. "सगळं कुत्र्याला घालतात."

सुतारानं रंधा खाली ठेवला. "त्या दिवशी," तो म्हणाला, "त्या वाकड्या झाडापाशी तू घसरली होतीस, गुडघा फुटला होता. घरी येऊन काय बोलली होतीस?"

"काय बोलले?"

"भिंतीला फटी आहेत, आत सगळं ऐकू जातं. तू म्हणालीस, माझ्याच्यानं होत नाही, माणूस आहे की धोंडा, एक दिवस वरच ठेवून येईन, पोत्यावर तर पोत्यावर. असं."

आठवलं. रक्त येत होतं, चूल पेटत नव्हती, तेव्हा बोलली होती. बोलून विसरली होती. ती बोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी परत वाकली होती, तिसऱ्या दिवशीही. तिला वाटलं होतं, त्यात सगळं भरून पावलं. आणि मग हळूहळू ओझं हलकं होत गेलं, आणि ती दंडाकडे बघून हरखली. हे आठवून तिला इतकी शरम वाटली की ती तिथंच भुशात खाली बसली.

"तुम्हाला ठाऊक होतं?" ती म्हणाली.

"कुत्र्याचं नाही. ऐकलं असेल एवढं ठाऊक होतं." सुतार खाली बघत होता. "मी कुठल्या तोंडानं बोलू? उचलायचं मी, आणि उचलतेस तू."

ती उठली. तोंडावर पाणी मारलं. चूल परत पेटवली आणि भात परत टाकला. तो शिजला तसा फोन भुशात कुईकुई करू लागला. सुतारानं वाचायला सुरुवात केली, आणि 'नागरिकांनी' या शब्दापर्यंत येऊन तो थांबला, कारण शिखरामागं आजच लवकर गुरगुरायला लागलं होतं.

"चला," तो म्हणाला. "आज थांबायला नको."

धाकटी भरलं ताट घेऊन खोलीत गेली. आधी तिनं खिडकी लावली, खिट्टी घातली. मग खाटेवर सासऱ्यासमोर मांडी घालून बसली.

म्हाताऱ्यानं खिडकीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं.

"जेवलो की मघाशी."

"कुत्रा जेवला."

"ढग आलेत. गाडी काढ."

"ताट संपल्याशिवाय गाडी निघत नाही."

"वेडी आहेस का? शिंप्याचं काय झालं पाहिलंस ना?"

"पाहिलं. खा."

बाहेरून सुतार ओरडला, "अगं, पाणी गढूळ झालंय!" मग तो दारात आला, त्यानं दोघांना तसं समोरासमोर बसलेलं पाहिलं. पिशवी खांद्यावर घेऊन तो दारातच उभा राहिला.

"तू जा बाबा वर," म्हातारा त्याला म्हणाला. "हिलाही ने. मला राहू दे. मी म्हातारा माणूस—"

"मामंजी," धाकटी म्हणाली, "मी त्या दिवशी बोलले ते वाईट बोलले. दमले होते. आजही दमलेय. उद्याही दमणार. दमलं की माणूस बोलतं. तुम्ही हमाल होतात, ओझ्याला शिव्या दिल्या नाहीत कधी?"

म्हाताऱ्यानं ताट थोडं लांब सरकवलं.

"दिल्यात की नाही?"

"दिल्या."

"म्हणून खाली टाकलंत?"

कौलांवर पहिले थेंब वाजले, मोठे, सुटे. म्हाताऱ्यानं ताट ओढलं. तो खायला लागला. दात उरलेले थोडे. डाळ हनुवटीवरून ओघळत होती. तो एकीकडे घास कोंबत होता, एकीकडे तिला शिव्या घालत होता, आणि डोळे पुसायला त्याला हात मोकळा नव्हता. ओढ्यात दगड दगडावर आपटायला लागले, तो आवाज जमिनीतून खाटेच्या पायांत आला. आपण चुकतोय की काय असं धाकटीला वाटत होतं, पण ती उठली नाही. शेवटचा घास त्याच्या घशाखाली उतरला तेव्हाच तिनं खुर्ची खाटेला टेकवली.

ती उठली ती एका दमात. दारातून बाहेर पडली तेव्हा पाणी उंबऱ्याला लागलं होतं. रस्ता दिसत नव्हता. सुतार पुढं धावला, मग मागं आला, पिशवी त्यानं चिखलात टाकून दिली आणि खुर्चीच्या खालच्या फळीला दोन्ही हात लावले.

"सोडा," ती ओरडली. "तुमचं आतडं बाहेर येईल."

"तू चाल."

विजेचा लोळ समोरच्या कड्यावर उतरला. म्हातारा एक शब्द बोलला नाही. वाटेतून लाल पाणी खाली येत होतं. धाकटी पाय आडवा टाकत, बोटांनी दगड चाचपत चढत होती. वाकड्या झाडाच्या वर, जिथं चढण छातीला येते, तिथं पाठीवर त्याचं अंग आक्रसलं. मग तिच्या मानेवर, खांद्यावर काही तरी ऊन ऊन आलं. भात. डाळ. दूध. इतक्या दिवसांच्या रिकाम्या पोटाला ते झेपलं नव्हतं. तो ओकत राहिला, सगळं संपेपर्यंत.

"गेलं," तो मागं रडायला लागला. "सगळं वाया गेलं गं. तू एवढं थांबलीस आणि—"

"जाऊ दे," ती धापा टाकत म्हणाली. पाऊस तिच्या मानेवरून ते धूत होता. "वर गेल्यावर परत वाढते."

खाली काही तरी मोठं मोडल्याचा आवाज झाला. कुणी मागं वळून पाहिलं नाही.

ओसरी भरलेली होती. धाकटी तशीच, ओलीचिंब, खांद्याला भाताची शितं, त्या पांढऱ्या फरशांवर चिखलाचे पाय उमटवत आत आली. तिनं खुर्ची टेकवली. सुतार पोट दाबून पायरीवर बसला. त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता, पण तो मान हलवून 'ठीक आहे' म्हणत होता. थोरली पुढं आली. काल जे बोलली ते तिच्या तोंडावर होतं, आणि धाकटीच्याही.

"जाऊबाई," धाकटी म्हणाली, "थोडा भात असेल तर द्या. मऊ करून. पाणी जास्त घालून. मामंजी उपाशी आहेत."

म्हणजे सगळ्यांदेखत तिनं कालचं कबूलच केलं. दूधवालीनं वायरमनकडे पाहिलं. थोरली आत गेली. वाटी घेऊन आली तेव्हा तिच्या काखेत सतरंजी होती. ती तिनं पोत्यावर नाही, भिंतीकडेला कोरड्या जागी अंथरली.

धाकटीनं चमच्यानं भरवलं. दोन चमचे. थांबली. आणखी एक. म्हाताऱ्यानं तोंड मिटलं, गिळलं, वाट पाहिली. राहिलं पोटात. त्यानं हळूच आ केला.

"घाई नको," ती म्हणाली. "आज कुठं जायचं नाही आपल्याला."

तेवढ्यात खालून कुणीसं ओरडत आलं, की सुताराच्या दुकानाची ओढ्याकडची भिंत गेली, घर उभं आहे. सुतारानं ऐकलं. "फळ्या आहेत," तो म्हणाला, आणि डोकं खांबाला टेकवून डोळे मिटून घेतले.

थोरली सासऱ्याजवळ उकिडवी बसली होती. वाटी बरीच रिकामी झाली होती. "धाकटे," ती हलक्या आवाजात म्हणाली, "राहू दे यांना इथंच. आता भिंतही नाही तुमची. पाऊसकाळभर राहू दे. मी बघेन. निभेल माझ्याच्यानं."

ती मनापासून बोलत होती. धाकटीला ते कळलं, आणि खरं सांगायचं तर तिचं सगळं अंग हो म्हणालं. गुडघे हो म्हणाले, कपाळावरचा पट्ट्याचा वळ हो म्हणाला. तिनं सासऱ्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

"राहतो मी," म्हातारा म्हणाला. "बरी जागा आहे. कोरडी आहे." आणि चमचा पुढं आला तेव्हा त्यानं दात घट्ट मिटून घेतले.

धाकटी चमचा तसाच धरून बसली. बाहेर पाऊस ओसरत होता, पन्हाळीचं पाणी बारीक झालं होतं.

"इथं रात्री त्यांच्याशी कोण बोलणार, जाऊबाई?" ती शेवटी म्हणाली. "रात्रभर बडबड करतात. तुम्हाला झोप नाही मिळायची. आजची रात्र आम्ही सगळेच राहतो इथं, तुम्ही राहू दिलंत तर. उद्या नेते खाली."

"अगं, पण आता खायला लागले म्हणजे..." थोरलीनं तिच्या मानेकडे, खांद्याकडे पाहिलं. "जड नाही का व्हायचे?"

"होतील की," धाकटी म्हणाली. "आ करा, मामंजी."